वनस्पतिशास्त्राची पदवी आखताना

प्रवेशाचे दिवस आले की एक प्रश्न मला हमखास येतो: "मॅडम, मॉलिक्युलरकडे जाऊ की फील्डकडे?" विचारणाऱ्याने अजून खोडाचा एक छेदही घेतलेला नसतो, पण बाजू ठरवायची घाई झालेली असते. मी बरीच वर्षं वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली, शेवटच्या वर्षाचे प्रकल्प तपासले, आणि माझं उत्तर काही बदललेलं नाही. हा प्रश्न दुसरं वर्ष अर्धं होईपर्यंत खुंटीला टांगून ठेवा. त्याआधी ठरवायच्या गोष्टी निराळ्या आहेत. त्या रटाळ आहेत, पण पुढे काय करता येईल ते त्यांच्यावरच ठरतं.

शिवाय ही बाजूंची वाटणी मुळात तितकीशी खरी नाही. जनुकं गुणसूत्रावरची आपली जागा बदलतात, हे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात दाखवलं आणि त्याबद्दल १९८३ साली त्यांना नोबेल मिळालं. बाई आपला मका आपण लावायच्या, परागीकरण हाताने करायच्या, कणसातल्या दाण्यांवरचे ठिपके निरखायच्या आणि त्याच रोपांची गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. त्यांना मॉलिक्युलरवाल्या म्हणायचं की फील्डवाल्या?

पदवीचं नाव नीट वाचा

झाडांचा अभ्यास करायला मिळेल अशी पदवी चार-पाच नावांनी मिळते. वनस्पतिशास्त्र म्हटलं की शैवालं, शेवाळी, नेचे, सूचिपर्णी आणि सपुष्प वनस्पती असा सगळा पसारा आला. तिथे झाड हाच प्रश्न असतो. कृषी आणि उद्यानविद्येत प्रश्न पिकाचा असतो: माती, वाण, खत, कीड, साठवण. जैवतंत्रज्ञानात तंत्र शिकवतात. झाडाच्या पेशींना तिथे जिवाणूंच्या आणि प्राण्यांच्या पेशींच्या रांगेत बसावं लागतं. नुसती 'जीवशास्त्र' अशी पदवी असेल तर विषयांची यादी बोट ठेवून वाचा. अशा बऱ्याच अभ्यासक्रमांत झाडांच्या वाट्याला जेमतेम एक-दोन विषय येतात.

यात उच्च-नीच काही नाही. गव्हाचा नवा वाण काढायचा असेल तर कृषीकडे गेलेलं बरं. लाजाळूचं पान मिटतं ते नेमकं कसं, या प्रश्नाने झोप उडत असेल तर वनस्पतिशास्त्र.

माहितीपत्रकात ऐच्छिक विषयांची मारुतीच्या शेपटीएवढी यादी असते. ती बघून हुरळून जाऊ नका. गेल्या दोन वर्षांत त्यातले कोणते विषय खरोखर चालले, एवढंच विचारा. शैवालं शिकवणारे शिक्षक निवृत्त होतात, जागा भरली जात नाही, विषय मात्र कागदावर दिमाखात उभा असतो. विभागाच्या कार्यालयात याचं उत्तर गुळमुळीत मिळालं तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. ती खरं सांगतात.

विभाग प्रत्यक्ष बघायला मिळाला तर व्याख्यानाच्या वर्गात वेळ घालवू नका, ते सगळीकडे सारखेच. प्रात्यक्षिकात एका सूक्ष्मदर्शकावर किती जण बसतात ते विचारा. हरितगृहात जाऊन कुंड्यांवरच्या चिठ्ठ्या वाचा. त्यावर जातीचं नाव, पेरणीची तारीख आणि कोणाचं तरी नाव असेल तर तिथे काम चालतं. सुट्टीत पाणी कोण घालतं, हेही विचारून घ्या. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प जगणार की वाळणार, ते त्या उत्तरावर आहे. हर्बेरियमचं, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांचं, कपाट उघडून दाखवायची विनंती करा आणि सर्वात अलीकडच्या नमुन्यावरची तारीख बघा.

शेवटच्या वर्षापासून उलटे या

मोठा कागद घ्या. उजव्या टोकाला शेवटच्या वर्षाचे जे विषय मनात भरले असतील ते लिहा, मग प्रत्येकासाठी आधी काय पुरं झालेलं लागतं ते त्याच्या डावीकडे. समजा तुम्हाला वनस्पतींचं रेण्वीय शरीरक्रियाशास्त्र घ्यायचं आहे. त्याला जैवरसायन लागतं. जैवरसायनाला सेंद्रिय रसायन. सेंद्रिय रसायनाला पहिल्या वर्षाचं सामान्य रसायन. आता या साखळीतला कुठला विषय वर्षातून एकदाच चालतो ते शोधा. पुष्कळ ठिकाणी सेंद्रिय रसायन एकाच सत्रात असतं. ते हुकलं की साखळी वर्षभर पुढे सरकते आणि हवा होता तो विषय पदवीच्या बाहेर जाऊन पडतो. परिसंस्थाशास्त्राच्या बाजूला अशीच साखळी संख्याशास्त्राची असते.

हा कागद पहिल्या सत्राआधी करा आणि दर सत्राच्या शेवटी पुन्हा काढून बघा. सल्लागार शिक्षकांकडे जाताना तो सोबत न्या. "मी काय घेऊ?" असं विचारणाऱ्याला साचेबंद उत्तर मिळतं. "जैवरसायन तिसऱ्या सत्रात घेतलं तर आनुवंशशास्त्राच्या प्रात्यक्षिकाशी वेळ आपटते, काय करू?" असं विचारलं की समोरचा माणूस चष्मा लावून वेळापत्रक उघडतो.

एका सत्रात प्रात्यक्षिकाचे तीनपेक्षा जास्त विषय घेऊ नका, असा माझा आग्रह असतो. दुपारी प्रयोगशाळा, रात्री जर्नल, सकाळी तास, असं चक्र सुरू झालं की विचार करायला सवड राहत नाही आणि मुलं जर्नल उतरवून काढायला लागतात.

रसायन आणि आकडे

"गणित नको म्हणून बॉटनी घेतली" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता हसूही येत नाही. वाटाण्याच्या सुप्रसिद्ध प्रयोगात ग्रेगोर मेंडेल यांनी दुसऱ्या पिढीतले ७,३२४ दाणे मोजले. ५,४७४ गोल निघाले, १,८५० सुरकुतलेले. तिनास एक हे प्रमाण खरं असेल तर ५,४९३ आणि १,८३१ यायला हवे होते. फरक १९ दाण्यांचा. हा फरक निव्वळ योगायोगाचा की काहीतरी चुकतंय? काय-स्क्वेअर, म्हणजे अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतल्या फरकाचं माप, काढा: १९ चा वर्ग ३६१, त्याला एकदा ५,४९३ ने आणि एकदा १,८३१ ने भागा, बेरीज करा. ०.२६ येतं. नेहमीची मर्यादा ३.८४ ची, म्हणजे फरक काळजी करण्यासारखा नाही. हे गणित दहा मिनिटांत कागदावर होतं, आणि ज्याला ते जमतं त्याला आनुवंशशास्त्राचा निम्मा पेपर सोपा जातो.

आधुनिक संख्याशास्त्राचा एक मोठा भाग शेतात जन्मला, हे तर गणिताच्या मुलांनाही ठाऊक नसतं. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात ब्रॉडबॉक नावाचं गव्हाचं शेत १८४३ पासून प्रयोगाखाली आहे. वर्षानुवर्षं साचलेल्या आकड्यांचं करायचं काय, म्हणून १९१९ साली रोनाल्ड फिशर यांना तिथे नेमलं. प्रयोगाचे वाफे चिठ्ठ्या टाकून वाटायचे, प्रत्येक उपचार अनेकदा करायचा, शेताचा उतार वा मातीचा फरक गटांमध्ये बांधून टाकायचा, ही शिस्त त्यांनी तिथे घडवली. तेव्हा संख्याशास्त्राचा विषय 'ऐच्छिक' म्हणून समोर आला तर तो सक्तीचा समजा, आणि दुसऱ्या वर्षातच उरका. प्रकल्पाची आखणी तिसऱ्या वर्षात आणि संख्याशास्त्र चौथ्यात, असं वेळापत्रक मी पाहिलं आहे. वरातीमागून घोडं. त्याच्याच जोडीने आर ही संगणकभाषा शिकायला लागा. वर्ग नसेल तर स्वतःच बसा. स्वतः गोळा केलेल्या आकड्यांवर शिकलं की लवकर हाताळता येते.

रसायनाचं गाडं बहुतेकांचं साध्या हिशोबात अडतं. ऊतीसंवर्धनाचं, म्हणजे झाडाचा तुकडा बाटलीत वाढवण्याचं, उदाहरण घ्या. तोशिओ मुराशिगे आणि फोक स्कूग यांनी १९६२ मध्ये तंबाखूच्या ऊतींसाठी जे पोषक माध्यम तयार केलं तेच अजून जगभर वापरतात. त्यात लिटरला १ मिलिग्रॅम ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक घाला, असं प्रात्यक्षिकाच्या कागदावर लिहिलेलं असतं. १ मिलिग्रॅम काट्यावर नीट तोलणं कठीण. मग १०० मिलिग्रॅम तोलायचं, आधी थोड्याशा अल्कोहोलमध्ये किंवा विरळ अल्कलीत विरघळवायचं कारण ते पाण्यात धड विरघळत नाही, मग पाणी घालून १०० मिलिलिटर करायचं. या साठ्याच्या द्रावणातलं १ मिलिलिटर म्हणजे १ मिलिग्रॅम. ऑक्झिन आणि सायटोकायनिन हे दुसरं संप्रेरक यांचं प्रमाण बदललं की त्याच ऊतीला कधी मुळं फुटतात, कधी कोंब. स्कूग आणि कार्लोस मिलर यांनी हे १९५७ मध्ये दाखवलं. आता हिशोबात एक शून्य इकडचं तिकडे झालं तर काय होईल ते बघा: मुळं हवी तिथे नुसता पेशींचा गोळा, आणि महिनाभर थांबल्यावर कळतं.

भौतिकशास्त्र थोडं लागतं, पण लागतंच. हवेच्या दाबाने पाण्याचा स्तंभ साधारण १० मीटर चढतो, आणि कॅलिफोर्नियातले सर्वांत उंच रेडवुड ११५ मीटरच्या वर जातात. वरची पानं पाणी खेचतात आणि पाण्याचे रेणू एकमेकांना सोडत नाहीत, म्हणून तो धागा तुटत नाही, असं स्पष्टीकरण हेन्री डिक्सन आणि जॉन जॉली यांनी १८९४ साली मांडलं. ते समजायला दाब, ताण आणि बाष्पीभवन एवढं पक्कं हवं.

पहिलं वर्ष हाताचं

पहिल्या वर्षात गुणांपेक्षा हात तयार करा. नंतर कोणी थांबून शिकवत नाही.

छेद घ्यायचा म्हणजे काय ते सांगते. कोवळं खोड अंगठा आणि तर्जनीत उभं धरा, बोटांच्या जरा वर येऊ द्या. ब्लेड नवं आणि ओलं. करवतीसारखं मागे-पुढे करू नका. तिरकं, एका ओढीत, आपल्याकडे ओढा. एकच नेमका छेद घेण्याच्या भानगडीत न पडता भराभर वीस-पंचवीस घ्या आणि काचपात्रातल्या पाण्यात सोडा. आता कुंचल्याने सर्वांत पातळ तो उचला. कांद्याच्या पापुद्र्यासारखा पारदर्शक दिसला पाहिजे. पूर्ण गोल नसला, नुसती पाचर असली तरी चालते. मधला एक वाहिनीपूल, म्हणजे पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्यांची जुडी, अखंड मिळाला म्हणजे झालं. सॅफ्रनिन या लाल रंगात दोन-तीन मिनिटं ठेवा, जास्तीचा रंग धुऊन काढा, काचपट्टीवर ग्लिसरीनच्या थेंबात मांडा आणि कव्हरस्लिप सुईच्या आधाराने एका बाजूने हळू टेकवा, नाहीतर हवेचे बुडबुडे शिरतात आणि मुलं त्यांनाच पेशी समजून काढतात. लिग्निन हे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य असलेल्या जलवाहिन्या लालभडक उठून दिसतील. आधी कमी वर्धनाच्या भिंगाखाली, मग मोठ्याखाली.

आणि चित्र काढा. मोबाइलने फोटो खुशाल घ्या, पण चित्र झाल्यावर. फोटो काढणारा बघायचं थांबतो. चित्र काढणाऱ्याला ही भिंत त्या भिंतीला कुठे मिळते ते ठरवावंच लागतं.

एक झाड धरून ठेवा

आता माझा मुख्य सल्ला, जो कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. पहिल्या सत्रात एक झाड निवडा आणि पदवी संपेपर्यंत ते सोडू नका.

पदवीचा अभ्यासक्रम तुकड्यांत येतो. बाह्यरूप एका सत्रात, अंतर्रचना दुसऱ्यात, शरीरक्रिया तिसऱ्यात, आनुवंशशास्त्र कुणा वेगळ्याच शिक्षकांकडे. प्रत्येक तुकड्याला पुस्तकातलं वेगळं उदाहरण: मूळ हरभऱ्याचं, खोड सूर्यफुलाचं, सूत्रीविभाजन कांद्याच्या मुळाच्या टोकात. शेवटी मुलांना दहा झाडांचे दहा अवयव माहीत असतात आणि सबंध झाड एकही नाही. हे तुकडे शिवायचे असतील तर प्रत्येक विषयात शिकलेलं आपल्या झाडावर करून बघावं लागतं.

झाड कुठलं? उंची-रुबाब बघू नका. वारंवार फुलणारं, थोड्या महिन्यांत बी धरणारं, मुबलक उगवणारं, संरक्षित यादीत नसलेलं तण उत्तम. संशोधकांनी अ‍ॅरॅबिडॉप्सिससारखं किरकोळ तण डोक्यावर घेतलं ते याच हिशोबाने: बी ते बी प्रवास जेमतेम सहा आठवड्यांचा, आणि जनुकसंच डीएनएच्या सुमारे १३.५ कोटी अक्षरांचा. म्हणून वनस्पतींमध्ये सर्वांत आधी त्याचा जनुकसंच वाचून झाला, २००० साली. गव्हाचा सुमारे १,६०० कोटी अक्षरांचा, तोही तीन पूर्वजांचे संच एकत्र आलेला. त्याचा भरवशाचा पूर्ण आराखडा यायला २०१८ उजाडलं.

मी स्वतः मुलांना एकदांडी सुचवते. उष्ण प्रदेशात ती जवळपास सगळीकडे उगवते आणि तिला कोणी रागावत नाही. पहिल्या सत्रात तिचं 'फूल' हातात घ्या. लांब दांड्यावर एकच. कडेला फिकट पिवळसर, टोकाला तीन दाते असलेल्या मोजक्या पाकळ्या, मध्ये पिवळा ठिपक्यांचा गठ्ठा. आता दोन सुया घेऊन उकला. कडेची प्रत्येक 'पाकळी' म्हणजे एक अख्खं फूल, फक्त मादी. मधला प्रत्येक ठिपका म्हणजे पाच दात्यांची नळी, आत परागकोशांची एकमेकांना चिकटलेली नळी आणि तिच्यातून वर आलेला दुभंगलेला कुक्षीवृंत. जे एक फूल वाटलं तो फुलोरा निघाला. सूर्यफुलाचं कुळ ओळखायला एवढं पुरतं.

अंतर्रचनेच्या सत्रात तिच्याच खोडाचा आणि पानाचा छेद. शरीरक्रियाशास्त्रात पानाच्या दोन्ही बाजूंचा पापुद्रा काढून पर्णरंध्रं मोजा, सावलीतल्या आणि उन्हातल्या रोपांची वेगळी. परिसंस्थाशास्त्रात चौकटी टाकून रस्त्याच्या कडेपासून आत जाताना तिची संख्या कशी बदलते ते मोजा. केसाळ छत्रीचं बी वाऱ्यात किती लांब जातं, हा तर सुट्टीतला उद्योग. दर वेळी त्याच एका वहीत, तारखेसह.

धोतऱ्यासारखं झाड निवडणारेही भेटतात. हरकत नाही, फक्त ते विषारी आहे. हाताळल्यावर हात धुवायचे आणि डोळ्यांना लावायचे नाहीत. त्याला इतिहासही मोठा आहे. १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात सिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशांपासून एकगुणित, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेले गर्भ वाढवले. अशा रोपाची गुणसूत्रं दुप्पट केली की शुद्ध वाण एका झटक्यात मिळतो. एरवी पिढ्यानुपिढ्या स्वपरागण करत बसावं लागतं. त्या तंत्राचा आधार जगभरच्या पीकपैदासकारांनी घेतला.

वर्गीकरण जुनं आहे का ते बघा

काही ठिकाणी अजून बेंथम आणि हूकर यांची १८६२ ते १८८३ या काळात छापलेली पद्धतच शिकवतात. हर्बेरियमची कपाटं तिच्याप्रमाणे लावलेली असतील तर ती कळायलाच हवी. पण तिथेच थांबणारा अभ्यासक्रम तुम्हाला अर्धवट सोडतो. डीएनएच्या आधारावर केलेलं एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप या संशोधकगटाचं) वर्गीकरण १९९८ मध्ये आलं, त्याची चौथी आवृत्ती २०१६ ची. त्यात साग तुळशीच्या कुळात गेला, रुईचं स्वतंत्र कुळ करवंदाच्या कुळात विलीन झालं, काटेसावर जास्वंदीच्या कुळात आली. तुमच्या अभ्यासक्रमात हे नसेल तर दर कुळाच्या नोंदीखाली 'आता कुठे' अशी एक ओळ स्वतः लिहीत जा.

कवकांचंही तसंच. १८४५ पासून आयर्लंडमधल्या बटाट्याची वाताहत करणारा फायटोफ्थोरा कवकांच्या धड्यात शिकवतात, पण तो खरं कवक नाही. त्याचं नातं तपकिरी शैवालांशी जवळचं. पेशीभित्तिकेत कायटिनऐवजी मुख्यतः सेल्युलोज आणि त्याच्यासारखीच ग्लुकान असतात, आणि कवकांतलं एर्गोस्टेरॉल तयार होण्याचा मार्ग अडवणारी औषधं त्याच्यावर चालत नाहीत. वर्गीकरण चुकलं तर फवारणी वाया, इतका हा रोखठोक मामला आहे.

हर्बेरियमचा नमुना पहिल्याच वर्षी करायला शिका. फुलं, शक्य तर फळंही असलेली फांदी; लहान रोप असेल तर मुळासकट. वर्तमानपत्राच्या घडीत पसरून, एक पान उलटं ठेवून म्हणजे खालची बाजू दिसेल, दाबयंत्रात. सुरुवातीचे दिवस कागद रोज बदला, नाहीतर बुरशी येते. चिठ्ठीवर जागा, अक्षांश-रेखांश, तारीख, अधिवास आणि उंची तर हवीच; त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाळल्यावर जे नाहीसं होतं ते: फुलाचा रंग, वास, चीक आहे का आणि कुठल्या रंगाचा. स्वतःचा संग्रह क्रमांक १ पासून सुरू करा आणि तो आयुष्यभर पुढे चालवा, दर वर्षी नव्याने नाही. नवी जात सापडलीच, तर ती लॅटिनमध्येच वर्णन करायची सक्ती १ जानेवारी २०१२ पासून उठली आहे, इंग्रजी चालतं. राखीव क्षेत्रात परवानगीशिवाय पानही तोडू नका.

प्रकल्प झाडाच्या वेळेने आखा

विद्यापीठाचं सत्र आणि झाडाचा ऋतू यांचं कधी जमलेलं मला आठवत नाही. प्रकल्प सत्राच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो आणि झाड तेव्हा फुलून गेलेलं असतं. म्हणून प्रकल्पाचा विचार शेवटच्या वर्षात करायचा नसतो. आदल्या वर्षाच्या मध्यात करायचा. वर्षातून एकदाच फुलणारी जात असेल तर तुम्हाला एकच संधी आहे, आणि ती सुट्टीत येऊ शकते. बी पेरून काम करायचं असेल तर उगवणीपासून फुलोऱ्यापर्यंतचे आठवडे मोजा, त्यात रुजवा न होण्याची शक्यता धरा, आणि तिथून पेरणीची तारीख मागे काढा. परवानग्या लागणार असतील तर त्याचे महिने वेगळे.

तुमचं धरलेलं झाड इथे कामी येतं. ते कधी फुलतं, बी किती दिवसांत पिकतं, कुठल्या किडीला बळी पडतं, हे सगळं वहीत आधीच असतं. बाकीची मुलं पहिले दोन महिने ज्याचा शोध घेतात ते तुमच्याकडे तयार.

प्रश्न लहान ठेवा. 'प्रदूषणाचा वनस्पतींवर परिणाम' हा प्रश्न नाही, तो परिसंवादाचा फलक आहे. 'रहदारीच्या रस्त्याकडेच्या एकदांडीच्या पानावर पर्णरंध्रांची दाटी आतल्या रोपांपेक्षा कमी असते का?' हा प्रश्न आहे. त्याचं हो किंवा नाही असं उत्तर एका ऋतूत मिळू शकतं.

आणि एक गोष्ट मी दर वर्षी फळ्यावर लिहीत आले. एका ट्रेमध्ये बारा रोपं खताची आणि दुसऱ्या ट्रेमध्ये बारा बिनखताची ठेवली, तर तो बारा-बारा रोपांचा प्रयोग होत नाही. एक ट्रे खिडकीजवळ असेल, एक दाराजवळ. तुम्ही दोन ट्रेंची तुलना करताय. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये परिसंस्थाशास्त्रातल्या प्रयोगांची अशी झाडाझडती घेतली आणि ही फसवी पुनरावृत्ती जाणत्या संशोधकांच्या लेखांतही सापडली. उपाय सोपा: रोपं वेगवेगळ्या कुंड्यांत, चिठ्ठ्या टाकून मिसळलेली, आणि जागा अधूनमधून बदललेली. हे पेरणीआधी करायचं असतं. नंतर कुठलंही सूत्र ते दुरुस्त करत नाही.

माणसं आणि पुढची वाट

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावापेक्षा ते आठवड्यातून एकदा भेटतात का, हे त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना विचारा. प्रयोगशाळा सहायक आणि हरितगृहातले माळीकाका यांच्याशी पहिल्या वर्षापासून नीट वागा. कुठलं बी भिजवून लावायचं आणि कुठलं खरवडून, हे मला पुस्तकापेक्षा माळ्यांनीच जास्त शिकवलं.

पुढे काय, याचा निर्णय दुसऱ्या वर्षाच्या मध्यानंतर, आणि तोही सुट्टीत काम करून बघितल्यावर. बियाणं आणि पीकपैदास यात जायचं तर आनुवंशशास्त्र, संख्याशास्त्र आणि रोगशास्त्र. वनस्पती उद्यान, संवर्धन किंवा पर्यावरण सर्वेक्षण असेल तर वर्गीकरण, परिसंस्थाशास्त्र आणि नकाशाची सॉफ्टवेअर. औषधनिर्मितीच्या बाजूला जैवरसायन. संशोधनात राहायचं असेल तर पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षा शेवटच्या वर्षाच्या ऐन मध्यात येतात. प्रकल्पाचं मोजमाप त्याआधी संपेल असं बघा. शिफारसपत्र मागायचं असेल तर ज्यांनी तुम्हाला प्रयोगशाळेत काम करताना पाहिलंय त्यांच्याकडे, किमान महिनाभर आधी, सोबत वही आणि गुणपत्रक घेऊन.

शेवटच्या सत्रात निरोपाच्या कार्यक्रमांआधी ही कामं उरका. ज्या झाडांवर प्रकल्प केला त्यांचा किमान एक नमुना हर्बेरियममध्ये जमा करा आणि त्यांनी दिलेला नोंद क्रमांक प्रबंधात छापा. तुमची ओळख पुढे कोणाला तपासायची असेल तर तोच पुरावा असतो. उरलेलं बी कागदी पाकिटात, जात, जागा आणि गोळा केल्याची तारीख लिहून मार्गदर्शकांच्या ताब्यात द्या. आकड्यांच्या तक्त्यात प्रत्येक स्तंभाचा अर्थ आणि एकक वेगळ्या पानावर लिहा, आणि त्याची एक प्रत विभागाच्या संगणकावर ठेवून मगच ओळखपत्र परत करा.